खाडीचे मीठ आणि शिंपल्यांची प्रतिकारशक्ती

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ आणि इतर क्षार विरघळलेले असतात. या प्रमाणाला क्षारता म्हणतात आणि ती दर हजारी मोजतात. म्हणजे अरबी समुद्राची क्षारता ३५ च्या आसपास. उघड्या समुद्रात हा आकडा वर्षभरात फारसा हलत नाही. खाडीत तो एका भरती-ओहोटीतही हलतो आणि पावसाळ्यात पार कोसळतो. कोकण आणि गोव्यात वर्षाचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या तो पाहता पाहता खाडीत आणून ओततात. मे अखेरीस ज्या खाडीच्या मुखाशी समुद्राइतकेच खारे पाणी असते, तिथेच जुलैच्या मुसळधारेनंतर ओहोटीच्या वेळी वरचा थर जवळजवळ गोडा झालेला असतो.

मासा अशा वेळी खोल पाण्यात किंवा खाडीबाहेर सरकतो. कालव मात्र कातळाला कायमचे चिकटलेले असते, तिसरी वाळूमिश्र चिखलात पुरलेली असते आणि काकई, म्हणजे गोव्यातले शिणाणे, स्वतःच काढलेल्या धाग्यांनी खडकाला बांधलेली असते. जे पाणी येईल त्यात त्यांना राहावे लागते. या प्राण्यांच्या बाबतीत पाण्यातले मीठ बदलणे म्हणजे रक्तातले मीठ बदलणे, आणि त्यांची प्रतिकारशक्ती ज्या पेशींवर उभी आहे त्या पेशी याच रक्तात तरंगत असतात. शिंपल्यांचे रोग आणि अधूनमधून येणारी सामूहिक मर समजून घ्यायची तर सुरुवात या रक्तापासून करावी लागते.

माणसाची मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचे प्रमाण एका अरुंद मर्यादेत धरून ठेवतात. शिंपल्यांकडे ती सोय जवळजवळ नाहीच. त्यांचे रक्त बंद नळ्यांतून फिरत नाही. हृदयातून निघाल्यावर ते अवयवांमधल्या मोकळ्या जागांत पसरते आणि कल्ल्यांच्या पातळ आवरणापलीकडे लगेच बाहेरचे पाणी असते. बाहेरची क्षारता ३० वरून १५ वर आली आणि शिंपला उघडा राहिला, तर काही तासांत रक्तही त्याच प्रमाणावर येते. मग प्रश्न पेशींचा उरतो. पेशीच्या आतला द्रव अजून दाट, बाहेरचे रक्त पातळ. त्यामुळे पाणी पेशीत शिरते आणि भिजत घातलेल्या मनुकेसारखी ती फुगू लागते. फुगत राहिली तर फुटेल. म्हणून ती आपल्या आतला दाटपणा कमी करते: प्रथम काही क्षार बाहेर टाकते, मग टॉरिन, ग्लायसिन, अ‍ॅलनिन, प्रोलिन, बेटेन अशी साठवलेली लहान रेणूंची द्रव्ये सोडते किंवा मोडून टाकते. खाऱ्या पाण्यातले कालव गोड्या पाण्याकडच्या कालवापेक्षा चवीला भरीव लागते, त्यामागे ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन यांचाही वाटा असतो. पाणी पुन्हा खारे झाले की हीच द्रव्ये पेशीला नव्याने जमवावी लागतात.

या देवघेवीला वेळ लागतो आणि ऊर्जाही. टॉरिन-ग्लायसिनचा साठा हा प्राण्याने खाऊन जमवलेला नायट्रोजन असतो. तो बाहेर टाकणे म्हणजे पुंजी मोडणे. क्षारता आठवडाभरात हळूहळू उतरली तर बहुतेक खाडीवासी शिंपले हा बदल निभावून नेतात. तीच उतरण एका रात्रीत झाली तर पेशींना जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही. प्रयोगशाळेतले बरेच परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष या एका फरकाने उलगडतात. एकाने प्राणी अचानक पातळ पाण्यात टाकलेले असतात, दुसऱ्याने ते रोज थोडे थोडे उतरवलेले असतात. अंतिम क्षारता एकच असली तरी प्राण्याला सोसावे लागलेले हाल एकसारखे नसतात.

शिंपल्याकडे आणखी एक उपाय आहे: कवच मिटून घेणे. दोन शिंपा ओढून धरणारा स्नायू अतिशय कमी ऊर्जेत दीर्घकाळ आवळलेला राहू शकतो, त्यामुळे गोड्या पाण्याचा लोंढा येताच कालव मिटते आणि आत अडकलेल्या खाऱ्या पाण्यावर तग धरते. पण मिटलेल्या कवचात प्राणवायू लवकर संपतो. त्यानंतर प्राणी प्राणवायूविना चालणाऱ्या संथ मार्गाने ऊर्जा मिळवतो. त्यातून सक्सिनिक आम्लासारखी आम्ले साठत जातात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. हे आम्ल मारण्यासाठी शिंपला स्वतःच्या कवचातला कॅल्शियम कार्बोनेट आतून विरघळवतो. थंड पाण्यात हा कारभार कित्येक आठवडे चालू शकतो. पाणी उबदार असेल तर चयापचय वेगाने चालतो, साठा लवकर संपतो आणि मुदत आठवड्यांवरून दिवसांवर येते. कोकणातल्या खाडीचे पाणी पावसाळ्यातही थंड म्हणावे असे नसते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. मिटलेला प्राणी खात नाही. म्हणजे साठा मोडण्याची वेळ येते तेव्हाच नवी आवक थांबलेली असते.

आता प्रतिकारशक्तीकडे. शिंपल्यांत प्रतिपिंडे नसतात. पृष्ठवंशी प्राण्यांत एकेका जंतूसाठी घडवली जाणारी जी खास संरक्षणव्यवस्था असते, ती त्यांच्यात नाही. त्यांचे संरक्षण रक्तपेशींवर आणि रक्तात विरघळलेल्या काही प्रथिनांवर अवलंबून असते. पेशी जंतू गिळते, या शोधाचा उगमही समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांतच आहे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना येथे इल्या मेच्निकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. पुढे याच दिशेने केलेल्या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एरलिख यांच्याबरोबर मिळाले.

कालवाच्या रक्तपेशी पाहणे अवघड नाही. कवचाच्या कडेला, मिटणाऱ्या स्नायूच्या जागी, कानशीने छोटी खाच पाडतात आणि सुईने स्नायूतल्या पोकळीतून थोडेसे रक्त ओढतात. ते लाल नसते. स्वच्छ, किंचित धुरकट पाण्यासारखे दिसते. त्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला की पेशी काही मिनिटांत तळाला टेकतात आणि पसरू लागतात. काहींच्या पोटात बारीक कण दाटलेले असतात. या कणयुक्त पेशी जंतू गिळण्यात अधिक तरबेज. काही कणरहित, स्वच्छ. पसरताना प्रत्येक पेशी कडेने पातळ, लांबट हात बाहेर काढते आणि चाचपत पुढे सरकते. जिवाणू किंवा सूक्ष्म मणी सापडला की ते हात त्याला वेढतात, तो आत ओढला जातो, आणि आतल्या पिशवीत ऑक्सिजनची तीव्र संयुगे व पाचक विकरे त्याच्यावर सोडली जातात. निरोगी कालवाच्या एका मिलिलिटर रक्तात अशा पेशींची संख्या लाखांच्या घरात, कधी त्याहूनही पुढे असते. रक्तात लायसोझाइम असते, ते जिवाणूंच्या भिंती विरघळवते; जंतूंना चिकटून त्यांची खूण पटवणारी लेक्टिन नावाची प्रथिने असतात; जंतुनाशक लहान पेप्टाइडेही असतात. गिळता न येण्याइतका मोठा परजीवी असेल तर पेशी त्याच्याभोवती थरावर थर रचून त्याला कोंडतात.

क्षारता उतरली की या व्यवस्थेच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला धक्का बसतो. फुगलेल्या पेशीचा आतला सांगाडा विस्कटतो, आणि हात बाहेर काढणे, सरकणे, वेढणे ही सारी कामे त्याच सांगाड्याच्या जोरावर होतात. पेशीत कॅल्शियमचे जे संकेत चालतात तेही आजूबाजूच्या क्षारांवर अवलंबून असतात. पॅसिफिक कालवाच्या रक्तपेशी नळीत घेऊन त्यांच्या भोवतालची क्षारता कमी केली, तेव्हा मेलेल्या पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले. जिवंत प्राण्यातही हेच चित्र दिसते. आपल्याकडची काकई, पर्ना विरिडिस, हीच हाँगकाँगच्या किनाऱ्यावरही सापडते. तिच्यावरचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण त्यात कमी क्षारता आणि कमी प्राणवायू ही दोन संकटे एकत्र तपासली होती. रक्तपेशींतली मर वाढली, गिळण्याची क्षमता आणि मारक संयुगे तयार करण्याची क्षमता घटली, आणि दोन्ही ताण एकत्र आले तेव्हा परिणाम अधिक वाईट झाला. पुराच्या पाण्यात ही जोडी बहुधा एकत्रच येते. वरचा गोडा थर आणि खालचा खारा थर एकमेकांत मिसळत नाहीत, खालच्या थराला हवा मिळत नाही, आणि वाहून आलेला पालापाचोळा कुजताना तिथला प्राणवायू ओढून घेतो.

नुसती पेशींची संख्या मोजून मात्र फसगत होते. ताणाखाली कधी रक्तातील पेशी वाढलेल्या दिसतात, कधी घटलेल्या. वाढ म्हणजे प्रतिकार वाढला असे नव्हे. ऊतींमध्ये पसरलेल्या पेशी रक्तात परत आलेल्या असू शकतात, किंवा प्राण्याचे पाणी कमी होऊन रक्त घट्ट झालेले असू शकते. म्हणून संख्येबरोबर त्या पेशी काय करू शकतात हे पाहावे लागते: किती पेशी मणी गिळतात, किती जिवंत आहेत, आतली विकरे कार्यरत आहेत का. या तपासण्यांना महत्त्व न देता काढलेले निष्कर्ष अजूनही छापून येतात, आणि त्यांच्यावर विसंबून संवर्धनाचे सल्ले देणे धोक्याचे आहे.

रोगाशी थेट संबंध दाखवणारे एक स्वच्छ उदाहरण फ्रान्सचे आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वाढवल्या जाणाऱ्या मनिला तिसऱ्यांत १९८७ मध्ये एक रोग दिसू लागला. कवच उघडून पाहिले तर आतल्या कडेला तपकिरी रंगाचे कडे जमलेले असते. त्यावरूनच रोगाला तपकिरी कड्याचा रोग असे नाव पडले. कारण विब्रिओ टेपेटिस नावाचा जिवाणू. पुढे या तिसऱ्या २०, ३० आणि ४० अशा तीन क्षारतांच्या पाण्यात ठेवून त्यांना हा जिवाणू टोचण्यात आला. कमी खाऱ्या पाण्यातल्या प्राण्यांत रोग अधिक बळावला. जास्त खाऱ्या पाण्यातल्या प्राण्यांत रक्तपेशी आणि रक्तातील प्रथिने अधिक होती.

एवढ्यावरून गोडे पाणी शिंपल्याचे शत्रू असे म्हणून मोकळे होता आले असते. पण पाण्यात शिंपला एकटा नसतो. त्याचा जंतूही त्याच पाण्यात जगतो आणि त्या जंतूलाही स्वतःची क्षारता लागते. यजमानाची पेशी दुबळी करणारे पाणी परजीवीला त्याहून दुबळे करत असेल तर लाभ यजमानाचा होतो. हा भाग सर्वांत चांगला समजला तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात.

चेसापीक ही साधारण ३०० किलोमीटर लांबीची खाडी आहे. वरच्या टोकाला सस्क्वेहॅना नदीचे गोडे पाणी, खालच्या टोकाला अटलांटिक महासागर, आणि मध्ये क्षारतेची सावकाश चढत जाणारी चढण. येथील कालवांची मासेमारी एकोणिसाव्या शतकात जगातल्या सर्वांत मोठ्या कालव-मासेमारींपैकी होती. अतिउपशाने ती खिळखिळी झालीच होती. त्यात १९५७ मध्ये शेजारच्या डेलावेअर उपसागरात आणि १९५९ मध्ये चेसापीकच्या खालच्या भागात एक नवा परजीवी दिसला. हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी हे त्याचे नाव. कालववाले त्याला एमएसएक्स म्हणतात. जनुकीय पुराव्यावरून तो आशियातल्या पॅसिफिक कालवांतून तिकडे गेला असावा असे २००० साली दाखवण्यात आले. दुसरा परजीवी पर्किन्सस मरिनस, रोगाचे नाव डर्मो. तो १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात लक्षात आला. या दोघांनी मिळून खाऱ्या भागातली कालवांची पात्रे, म्हणजे तळावरच्या त्यांच्या वसाहती, ओस पाडली.

दोघांचे मिठाशी नाते मात्र वेगवेगळे आहे. एमएसएक्सला साधारण १५ च्या वरची क्षारता मानवते. ती १० च्या खाली उतरून दोनेक आठवडे तिथेच राहिली तर कालवाच्या शरीरातून हा परजीवी नाहीसा होतो. कालव स्वतः १० च्या पाण्यात आरामात जगते. म्हणजे गोड्या पाण्याचा मध्यम लोंढा हा कालवासाठी औषधच ठरतो. डर्मो अधिक चिवट आहे. कमी क्षारतेत त्याची वाढ मंदावते, पण एकदा शरीरात शिरल्यावर तो सहजी निघत नाही. पाणी पुन्हा खारे आणि उबदार झाले की डोके वर काढतो. त्याची लबाडी अशी की रक्तपेशी त्याला गिळते, पण मारू शकत नाही. पेशीने सोडलेली मारक संयुगे निष्प्रभ करणारी विकरे त्याच्याजवळ असतात. तो तिच्या आतच वाढतो, विभागतो आणि तिच्याच पाठीवर बसून शरीरभर पसरतो. ज्या पेशीने शरीर राखायचे तिनेच रोग वाहून न्यायचा, अशी ही अवस्था. अशा रोगात नुसती प्रतिकारशक्ती वाढली की कालव वाचेल, हे गृहीत टिकत नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यात पडलेल्या दुष्काळाने हे नाते उघडे केले. नद्यांचे पाणी आटले, खारे पाणी खाडीत वर चढले आणि त्याच्याबरोबर डर्मो वरच्या भागातल्या, तोवर सुरक्षित राहिलेल्या पात्रांपर्यंत पोहोचला. उलट टोकाचा प्रसंग जून १९७२ चा. अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने सस्क्वेहॅनाला महापूर आला, वरच्या चेसापीकची क्षारता कोसळली आणि ऐन उन्हाळ्यात तिथली कालवे व मऊ कवचाच्या शिंपल्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. तेथे मारेकरी परजीवी नव्हता, पाणीच होते. पण त्याच दशकातल्या पावसाळी वर्षांनी एमएसएक्सलाही खाली समुद्राकडे ढकलून ठेवले.

अमेरिकेच्याच मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याने २०१९ मध्ये यापेक्षाही वाईट अनुभव घेतला. मिसिसिपी नदीचा पूर न्यू ऑर्लिन्स शहरावर येऊ नये म्हणून बॉने कॅरे सांडव्याची दारे त्या वर्षी दोनदा मिळून १२३ दिवस उघडी ठेवावी लागली. महिनोन्‌महिने गोड्या पाण्याखाली राहिल्याने राज्यातील कालवांची पात्रे जवळजवळ नष्ट झाली. लुईझियानातल्या प्रयोगांत थोड्या दिवसांचा, योग्य ऋतूत सोडलेला गोडा प्रवाह डर्मोला आवर घालतो असे दिसले होते. चार महिन्यांचा प्रवाह कालवालाच संपवतो.

गोडे पाणी घटल्याचा परिणाम फ्लोरिडातल्या अपालाचिकोला उपसागरात पाहायला मिळतो. २०१२ च्या दुष्काळात नदीतून येणारे गोडे पाणी घटले, उपसागर खारा झाला, कालवांची मासेमारी कोसळली आणि २०१३ मध्ये ती सरकारी पातळीवर आपत्ती म्हणून जाहीर झाली. खारेपणाबरोबर रोग येतात तसे कवचाला भोक पाडून कालव खाणारे समुद्री शंखही येतात. कमी खारे पाणी त्यांना सोसत नाही. वरच्या अंगाला असलेले जॉर्जिया राज्य जास्त पाणी उचलते, असा दावा फ्लोरिडाने सर्वोच्च न्यायालयात नेला. १ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. मासेमारी कोसळण्याचे कारण जॉर्जियाचा पाणीवापरच आहे हे फ्लोरिडाला सिद्ध करता आले नाही. दुष्काळ, उपसा, रोग आणि अतिमासेमारी यांचे धागे सुटे करणे किती कठीण असते हे त्या निकालातून कळते.

विषाणूंच्या बाबतीतही खारेपणाचा असाच हात असतो. २००८ पासून फ्रान्समधील पॅसिफिक कालवांच्या पिलांची ज्या नागीणवर्गीय विषाणूने मोठी हानी केली, त्याच्यावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात १० क्षारतेला सवयीने आणलेली पिले बहुतेक सारी वाचली, तर १५ आणि त्याहून खाऱ्या पाण्यातली मोठ्या संख्येने दगावली. येथे प्राणी आधी सावकाश कमी क्षारतेला सवयीचे केलेले होते, हे विसरता कामा नये. जिवाणूंची वाटणीही मिठावर होते. विब्रिओ वल्निफिकस, कच्ची कालवे खाणाऱ्यांना प्रसंगी प्राणघातक ठरणारा, मध्यम क्षारतेत आणि उबदार पाण्यात फोफावतो. कॉलऱ्याचा विब्रिओ त्याहून गोड्या पाण्याकडे झुकतो. पावसाळी प्रवाहाबरोबर गावातले सांडपाणीही खाडीत येते आणि पाणी गाळून खाणारा शिंपला त्यातले जंतू अंगात साठवतो. कोकणात शिंपले शिजवूनच खाण्याची रीत आहे आणि ती आरोग्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर क्षारतेचे हे नाट्य दरवर्षी ठरलेल्या वेळी घडते. गोव्याच्या मांडवी आणि झुआरीवर दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पाठ्यपुस्तकांतल्या युरोप-अमेरिकेच्या खाड्यांचे नमुने येथे लागू पडत नाहीत. त्या खाड्यांत नदी आणि समुद्र यांचा वर्षभर कमी-अधिक तोल असतो. मांडवीत पावसाळ्यात नदी समुद्राला जवळजवळ बाहेर ढकलते, आणि ऑक्टोबरनंतर समुद्र पुढच्या पावसापर्यंत सतत आत चढत राहतो. तोल असा कधी बसतच नाही. या निष्कर्षाचा शिंपल्यांच्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे. येथे टिकलेल्या जाती दरवर्षीच्या गोड्या पाण्याशी जुळवून घेत आलेल्या आहेत. केळव्याच्या खाडीतल्या कालवांवर १९६० च्या दशकात दुर्वे आणि बाळ यांनी केलेल्या कामात, क्षारता उतरलेली असते त्या पावसाळी काळातच या कालवांचे प्रजनन होते असे आढळले. अंडी आणि शुक्र सोडून रिकामे झालेले कालव मात्र ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत कंगाल असते. म्हणून पावसाळ्याअखेरची स्थिती नाजूक असते: साठा संपलेला, पाणी पातळ, आणि रक्तपेशींना लागणारी ऊर्जा इतरत्र खर्च झालेली.

काकईला मात्र गोडे पाणी फारसे मानवत नाही. ती समुद्राच्या बाजूच्या खडकांवर राहते. उत्तर केरळात कासारगोडच्या पडन्ना भागात खाडीत तिची शेती केली जाते ती पावसाळा टाळूनच. नोव्हेंबरच्या सुमारास दोरांवर बी बांधतात आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी माल काढतात. पाऊस लवकर आला तर उभे पीक दोरांवरच मरते. केरळातच वेंबनाड सरोवरावर १९७६ मध्ये उभारलेला तण्णीरमुक्कम बंधारा उलट बाजू दाखवतो. कुट्टनाडच्या भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून कोरड्या महिन्यांत त्याची दारे लावतात. बंधाऱ्याच्या दक्षिणेला मिठाचा अंश इतका घटला की काळ्या शिंपल्यांच्या प्रजननाला लागणारे निमखारे पाणीच तिथे उरले नाही आणि त्यांचे उत्पादन घसरले. महाराष्ट्रात कोयना प्रकल्पातून वीज काढून झाल्यावर सोडले जाणारे पाणी, ज्याला सगळे अवजल म्हणतात, सुमारे ६७.५ टीएमसी इतके दरवर्षी वाशिष्ठीत येते. इतर नद्या आटलेल्या असतात त्या उन्हाळ्यातही वाशिष्ठीला हे गोडे पाणी मिळते. दाभोळच्या खाडीतल्या शिंपल्यांचा विचार शेजारच्या खाड्यांच्या मापाने करता येणार नाही, हे यातून उघड आहे.

चेसापीकमधल्या डर्मोच्या कुळातले परजीवी भारतातही सापडले आहेत. आग्नेय किनाऱ्यावरच्या मोत्याच्या शिंपल्यांत पर्किन्सस ओल्सेनीची नोंद आहे. हे परजीवी शरीरात असणे आणि त्यांनी मर घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दरवर्षी चार महिने गोडे पाणी पिऊन निघणाऱ्या खाड्यांत हा रोग डोके वर काढू शकत नसेल, हा तर्क चेसापीकच्या अनुभवाशी जुळतो. पाऊस हुकलेल्या वर्षी तोच तर्क उलटा लागू होतो, म्हणून कोरड्या वर्षांत पात्रांची तपासणी अधिक काटेकोर हवी.

कोळंबीचे गणित शिंपल्याहून वेगळे आहे. ती रक्तातील मीठ काही प्रमाणात स्वतः राखते. व्हेनामी कोळंबीचे रक्त साधारण २५ क्षारतेच्या पाण्याशी समतोल असते. त्याहून गोड्या पाण्यात तिच्या कल्ल्यांना क्षार आत ओढावे लागतात, त्याहून खाऱ्या पाण्यात बाहेर टाकावे लागतात. या कामाला लागणारी ऊर्जा प्रतिकारशक्तीच्याच खात्यातून जाते. तैवानमध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २५ च्या पाण्यातली व्हेनामी कोळंबी अचानक ५ किंवा १५ च्या पाण्यात टाकल्यावर तिच्या रक्तपेशी घटल्या, जखमेवर काळे आवरण आणणाऱ्या आणि जंतूंना कोंडणाऱ्या विकराची क्रिया मंदावली आणि विब्रिओ अल्जिनोलिटिकसने होणारी मर वाढली. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात टायगर कोळंबीला क्षारतेचा अचानक धक्का बसल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुढे ती अधिक दुबळी ठरली. १९९० च्या दशकाच्या मध्यात याच विषाणूने भारतातील टायगर कोळंबीची शेती उद्ध्वस्त केली होती. मोठा पाऊस पडून गेल्यावर तलावातले पाणी एकदम बदलू नये, वरचा गोडा थर आधी काढून टाकावा, हा सल्ला याच शरीरशास्त्रातून येतो.

क्षारता मोजायला शेतकरी रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर पाण्याचा थेंब ठेवून झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ आकडा दाखवते. यंत्र साधे आहे, पण महिन्यातून एकदा घेतलेला असा एक आकडा शिंपल्याच्या आरोग्याबद्दल फार थोडे सांगतो. उधाणाच्या भरतीला ३० आणि ओहोटीला ५ असलेल्या जागेची सरासरी १७ च्या आसपास येते. सतत १७ असलेल्या शांत जागेचीही तीच येते. पहिल्या जागेवरचे कालव दिवसातून दोनदा मिटते, उपाशी राहते आणि पेशींतली द्रव्ये सोडत-जमवत राहते. शिवाय पृष्ठभागावरचे माप तळाच्या तिसरीला लागू पडत नाही, कारण खारे पाणी जड असल्याने गोड्या थराखाली टिकून राहते. खडकाच्या वरच्या अंगावरचे कालव आणि त्याच्याच पायथ्याशी पुरलेली तिसरी एकाच दिवशी दोन वेगळ्या पाण्यांत जगत असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. पावसाची वार्षिक बेरीज तीच राहूनही तो मोजक्या दिवसांत कोसळू लागला तर खाडीतल्या शिंपल्याला संथ उतरणीऐवजी धक्के सोसावे लागतील, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या उघडिपीत पाणी पुन्हा खारे होईल. त्यामुळे खाडीतल्या मापनात क्षारता किती उतरली याबरोबर ती किती तासांत उतरली, ५ च्या खाली सलग किती दिवस राहिली आणि त्या वेळी पाण्याचे तापमान काय होते, या तीन नोंदी लागतात. त्या नोंदी पावसाळ्याआधी, ऐन पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात त्याच पात्रांतून घेतलेल्या रक्तपेशींच्या तपासणीशेजारी मांडल्या, की मर पाण्याने झाली की रोगाने, हे वेगळे करता येते.